सुभानरावांची अकरा चलनं

बडोद्याच्या तरसाली भागातल्या आमच्या सोसायटीत सुभानराव खानविलकरांना सगळे 'टाइमकीपर' म्हणतात आणि तेही तोंडावर. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं टाइम ऑफिस सांभाळलं. कामगार गेटातून आत आला की त्याच्या नावापुढे वेळ लिहायची, आणि आठ वाजून एक मिनिट झालं की लाल पेन उचलायचं, हे त्यांचं काम. त्या लाल पेनातून त्यांनी सख्ख्या मेव्हण्यालाही सोडलं नाही. महिन्यातून चारदा लाल शेरा खाऊन खाऊन त्या मेव्हण्याने शेवटी आपल्या मुलाला वकील केलं.

सुभानरावांचे आजोबा बडोद्याच्या फौजेत घोडेस्वार होते. दिवाणखान्यात त्यांचा फोटो आहे, त्यात घोडासुद्धा सावधानमध्ये उभा आहे. निवृत्तीनंतर माणसं देवाकडे वळतात, सुभानराव वाहतुकीच्या नियमांकडे वळले. त्यांच्याकडे फिकट निळ्या रंगाची, बारा वर्षांची, बिनगिअरची स्कूटर. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची असली तरी हेल्मेट, त्याचा पट्टा, आरसा, इंडिकेटर, सगळं यथासांग. दारामागे खिळ्याला एक वही टांगलेली असायची. तीत प्रत्येक फेरीची नोंद: किती वाजता निघालो, कुठे गेलो, किती वाजता परतलो, आणि शेवटच्या रकान्यात 'विशेष'.

भर दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसताना ते लाल दिव्यापाशी उभे राहायचे. मागून लोक हॉर्न वाजवायचे. एकदा मी त्यांच्या मागे बसलो असताना एक रिक्षावाला बाजूला येऊन म्हणाला, "काका, पोलीस नथी, चालो ने."

"मी पोलिसासाठी थांबलेलो नाही, दिव्यासाठी थांबलोय," काका त्याला गुजरातीत म्हणाले. रिक्षावाल्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि तो लाल दिव्यातून निघून गेला.

मी गणिताचा मास्तर. घरी प्रिंटर असल्यामुळे सोसायटीत मला जो मान आहे, तो शिकवण्यामुळे कधी मिळाला नाही. जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह आला तेव्हा सुभानकाका माझ्याकडे आले ते या प्रिंटरसाठीच.

आमच्या भागात तरसाली नागरिक उत्कर्ष मंडळ नावाची एक संस्था आहे. तिचे अध्यक्ष विश्वंभरराव गुप्ते. त्यांचे पणजोबा बडोदा संस्थानाच्या कचेरीत मोठे कारभारी होते, ही माहिती विश्वंभरराव प्रत्येक भाषणात देतात, भाषण रक्तदानावर असलं तरी. या मंडळाने यंदा 'आदर्श वाहनचालक' म्हणून एकाचा सत्कार करायचं ठरवलं होतं. शाल, श्रीफळ आणि चौकटीतलं प्रशस्तिपत्र. अट एकच: ज्या सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकला की तिची चलनं दिसतात, तिथला छापील कागद अर्जाला जोडायचा. त्यावर शून्य चलन हवं.

"पेपरात जाहिरात दिल्यासारखं माझ्यासाठीच काढलंय हे," काका म्हणाले. मी नंबर टाकला आणि छापायचं बटण दाबलं. पहिलं पान बाहेर आलं. मग दुसरं यायला लागलं. शून्य छापायला दोन पानं लागत नाहीत, हे काकांच्याही लक्षात आलं.

गाडीच्या नावावर अकरा चलनं होती. विनाहेल्मेट, तीन वेळा. दुचाकीवर तिघं, दोनदा. लाल दिवा तोडला, दोनदा. उलट्या दिशेने गाडी चालवली. चालवताना मोबाइलवर बोलले. स्टॉपलाइन ओलांडली. आणि ऑगस्टच्या अठ्ठावीस तारखेला ताशी चौऱ्याऐंशी किलोमीटर वेगाने गेले. सगळी प्रकरणं मुदत उलटून कोर्टात गेलेली. त्याचे मेसेज ज्या मोबाइलवर गेले तो नंबर कारखान्याने दिलेला होता, आणि निवृत्तीच्या दिवशी काकांनी तो फोन पावती घेऊन परत केला होता.

"तुमची स्कूटर चौऱ्याऐंशीने जाते?" मी विचारलं.

"उतारावरून ढकलून दिली तरी जात नाही."

ते दोन्ही कागद घेऊन घरी गेले. पाठोपाठ मीही गेलो, कारण असा प्रसंग आमच्या सोसायटीत रोज येत नाही. आनंदीकाकूंनी चष्मा लावून यादी वाचली. लग्नाला बेचाळीस वर्षं झालेल्या बाईने हातात आयतं आलेलं कोलीत किती जपून वापरावं हे त्यांच्याकडून शिकावं.

"अहो, तिघं कोण कोण होतात?"

"मी नव्हतोच."

"मधे कोण बसलं होतं, तेवढंच सांगा."

"आनंदी, ती गाडी माझी नाही."

"नंबर तर तुमचाच आहे," काकू म्हणाल्या. "आणि मोबाइलवर कोणाशी बोलत होतात हो? मी फोन केला तर तुम्ही घरी आल्यावर उचलता."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या बाकावर ही बातमी पोचली होती. बहुतेकांचा सल्ला एकच, भरून टाका. कोणी म्हणालं, भरू नका, लोकअदालत येते तेव्हा कमी करतात. एका गृहस्थांनी अभिमानाने सांगितलं की त्यांच्या गाडीवर तेवीस चलनं आहेत आणि त्यांनी आजवर एकही उघडून पाहिलेलं नाही. काकांची अकरा चलनं खरी की खोटी, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. काकांनी विचारलं, तेव्हा सगळं बाक त्यांच्याकडेच बघू लागलं. मग एकजण म्हणाला, "त्याने काय फरक पडतो?"

माझ्या शाळेला सुट्टी होती. मी काकांबरोबर चलनांची चौकशी होते त्या कचेरीत गेलो. खिडकीमागचा माणूस सभ्य होता आणि दमलेला होता. त्याने यादी पाहिली.

"नंबर तमारो छे?"

"हो."

"तो चलन तमारुं छे."

"पण गाडी माझी नाही," काका म्हणाले. "माझी गाडी चौऱ्याऐंशीने जातच नाही."

"काका," तो माणूस अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला, "कॅमेरा थोडो खोटुं बोले?"

काका काहीतरी बोलणार होते, पण थांबले. त्याचं कारण मला माहीत होतं. चौतीस वर्षं गेटावर प्रत्येक कामगार सांगायचा, साहेब, सायकल पंक्चर झाली, बस चुकली, मुलाला ताप होता. आणि सुभानराव प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवायचे: रजिस्टर खोटं बोलत नाही. आज खिडकीच्या दुसऱ्या बाजूला उभं राहून ते वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. बाहेर येऊन त्यांनी हेल्मेट घातलं, पट्टा लावला, आणि गाडी चालू न करता थोडा वेळ नुसते बसून राहिले.

प्रकरणं कोर्टात गेली होती, म्हणून कागदही कोर्टातच मिळणार होते. प्रत्येक चलनाला सोळा अक्षरांचा एक क्रमांक पडला होता. काकांनी ते अकराही क्रमांक माझ्या संगणकावरून वहीत उतरवून घेतले आणि दोनदा ताडून पाहिले. मग अर्ज लिहिला, की सर्व प्रकरणांची नोंद आणि कॅमेऱ्याने काढलेले फोटो यांच्या प्रती मिळाव्यात. कोर्टाच्या खिडकीवर मीनाबेन नावाच्या बाई होत्या. त्यांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"काका, आ बधुं कोई मागतुं नथी," त्या म्हणाल्या. "लोकं तर नुसता आकडा विचारतात, भरतात आणि जातात."

"मला आकडा नको आहे," काका म्हणाले. "मला बघायचंय की मी काय केलं."

मीनाबेनना हे आवडलं असावं. त्यांनी तिसऱ्या दिवशी यायला सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी प्रती खरोखर तयार होत्या. सरकारी कागद सांगितलेल्या दिवशी मिळाला म्हणून काकाही जरा गोंधळले. त्यांनी मनात दोन-तीन जादा फेऱ्या धरून ठेवल्या होत्या.

फोटो जेवणाच्या टेबलावर मांडले. काकू, मी आणि काका. पहिल्या फोटोत काळी मोटरसायकल, मागे कमरेएवढं उंच झालेलं सीट आणि त्यावर तीन तरुण. दुसऱ्यात तीच मोटरसायकल. तिसऱ्यात तीच, मागे मोकळ्या केसांची एक मुलगी. काकूंनी त्या मुलीकडे बराच वेळ पाहिलं, मग चालवणाऱ्याच्या पाठीकडे पाहिलं आणि निराश होऊन म्हणाल्या, "तुम्ही नाही आहात. तुमचे खांदे असे नाहीत."

"मी तेच सांगतोय चार दिवस."

अशी दहा चित्रं झाली. दहाही काळ्या मोटरसायकलची. नंबरपाटीवरचा नंबर मात्र काकांचाच दिसत होता, शेवटी एकाहत्तर त्रेसष्ट. काकांच्या चेहऱ्यावर चार दिवसांनी रक्त आलं. ते उठून चहाचं आधण ठेवायला निघाले, तेवढ्यात काकूंनी अकरावा फोटो उचलला.

सयाजीगंजचा चौक. दिवा लाल. फिकट निळी स्कूटर, चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, पुढच्या हुकाला कापडी पिशवी. आणि स्कूटरचं पुढचं चाक पांढऱ्या पट्ट्याच्या चांगलं दोन हात पुढे.

"ही पिशवी माझी आहे," काकू म्हणाल्या.

काकांनी फोटो हातात घेतला, खिडकीपाशी नेला, परत आणला. मग दारामागची वही काढून ऑक्टोबरची तीन तारीख उघडली. त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: निघालो १०.४०. सयाजीगंज, पेन्शनचा फॉर्म. परत १२.०५. विशेष: काही नाही.

"मागून बसवाला हॉर्न देत असेल," मी म्हणालो. "तिथे फार रेटतात."

"असेल. आठवत नाही."

"मग तेच कारण असणार, काका."

"ते कारण झालं," सुभानकाका म्हणाले. "टाइम ऑफिसच्या रजिस्टरात मी कारणाचा रकाना कधी ठेवला नाही." त्यांनी टेबलाच्या खणातून लाल पेन काढलं, 'काही नाही' हे शब्द एका रेघेने खोडले आणि वर लिहिलं, 'पट्टा ओलांडला'. खाली सही करून तारीख टाकली. चहा काकूंनीच केला.

सत्काराचा कार्यक्रम रविवारी सकाळी होता. काका अर्ज करू शकले नव्हते, पण निमंत्रण घरी आलं होतं आणि निमंत्रण स्वीकारून न जाणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. विश्वंभररावांनी पणजोबांपासून सुरुवात केली आणि अर्ध्या तासात रस्त्यावर आले. मग म्हणाले, "मंडळाकडे छत्तीस अर्ज आले. त्यातले पस्तीस जण कागद बघताच मागे गेले. ज्याच्या गाडीवर एकही चलन नाही असा आख्ख्या तरसालीत एकच निघाला. आता तो माझा मुलगा आहे, यात माझा काही दोष नाही. निवड संगणकाने केली आहे."

टाळ्या पडल्या. बावीस वर्षांचा यशराज गुप्ते मंचावर आला, शाल पांघरली, नारळ घेतला, आणि तरुणांनी नियम पाळावेत अशा अर्थाची चार वाक्यं गुजरातीत बोलला. काकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मला आठवतं, ते म्हणाले, "बघा मास्तर, पोरं आपण समजतो तशी नसतात."

कार्यक्रम संपल्यावर आम्ही मंडपाबाहेर आलो. काकांची स्कूटर जिथे लावली होती तिच्या शेजारी एक काळी मोटरसायकल उभी होती. सीट मागून कमरेएवढं उंच. काका तिच्याजवळ गेले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि नंबरपाटी वाचू लागले. पाटीवरची अक्षरं लग्नपत्रिकेसारखी वेलबुट्टीची होती. आकड्यांना शेपट्या होत्या. शेवटचा आकडा आठ होता, पण त्याच्या डाव्या बाजूच्या दोन्ही गोलाई मोकळ्या सोडल्या होत्या. जवळून पाहिलं तर आठ. दोन पावलं मागे गेलं की तीन.

तेवढ्यात शाल खांद्यावर टाकून यशराज आला.

"काका, गाडी आवडली? पप्पांचीच जुनी आहे, मी नवी करून घेतली. पाटी मांडवीत एका आर्टिस्टकडून करवली."

"पप्पांनी कधी घेतली होती?"

"बारा वर्षं झाली असतील."

"माझी स्कूटरही बारा वर्षांची. एकाच आठवड्यात नंबर लागले असणार," काका म्हणाले. "हा शेवटचा आकडा कोणता?"

"आठ."

"मला तीन दिसतो."

"ती स्टाइल आहे, काका."

काकांनी पिशवीतून फोटो काढून त्याच्या हातात दिले. यशराजने पहिला पाहिला, दुसरा पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे, हा तर मी. किती क्लिअर आलाय. हा मला मोबाइलवर पाठवाल का?" त्याला खरोखर फोटो आवडला होता. त्याच्या गाडीवर आजवर एकही चलन का आलं नाही, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. आपण चालवतोच चांगली, असं त्याला वाटत होतं.

विश्वंभरराव आले. त्यांना मात्र पहिल्या फोटोतच सगळं कळलं. त्यांनी काकांना हाताला धरून नारळांच्या पोत्यामागे नेलं. मी बरोबर गेलो, कारण मला कोणी येऊ नको म्हटलं नाही.

"सुभानराव, आपली जुनी ओळख. मुलगा आत्ता इथल्या इथे मोबाइलवरून दहाही चलनं भरून टाकतो. तुमचं काडीचं नुकसान होणार नाही."

"पण ती माझ्या नावावर भरली जातील."

"नाव कोण बघतंय?"

"मी बघतोय," काका म्हणाले.

विश्वंभररावांनी आवाज खाली आणला. "पुढच्या वर्षीचे आदर्श वाहनचालक तुम्हीच. आत्ताच शब्द देतो. शाल आहे माझ्याकडे, दोन आणल्या होत्या."

"मला शाल नको. पाटीचा एक फोटो हवा आहे."

तो मी काढला. एक जवळून, एक दोन पावलं मागून. दुसऱ्यात शाल पांघरलेला यशराजही आला, हसतमुख.

कोर्टात वकील लागणार म्हणून काकूंनी भाच्याला बोलावलं. तन्मय. ज्याच्या वडिलांना काकांनी महिन्यातून चारदा लाल शेरा दिला होता, तोच. तरीही तो आला आणि फी घेणार नाही म्हणाला. त्याने पाटीचे दोन्ही फोटो पाहिले आणि खूश झाला.

"काका, काम झालंच समजा. पाटी दाखवली की अकराही उडतील."

"दहा," काका म्हणाले. "अकरावं माझं आहे."

"अकरावा फोटो धूसर आहे. चेहरा दिसत नाही, नंबरसुद्धा अर्धा झाकलाय. एकगठ्ठा गेलं की कोणी बघत नाही."

"पिशवी दिसते."

"पिशवी कोणाचीही असेल," काकू मधेच म्हणाल्या. चार दिवसांपूर्वी पिशवी त्यांनीच ओळखली होती. "हवं तर मी कोर्टात सांगते, ही माझी नाही म्हणून."

"आनंदी, त्यावर तू दोऱ्याने माझं नाव भरलं आहेस. सु आणि खा. भिंगातून दिसतं."

बाबांना फोन करून येतो, असं म्हणून तन्मय बाहेर गेला आणि बराच वेळ बोलत राहिला. त्या फोनवर बाप-लेकांत काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही. पण परत आला तेव्हा तो हसत होता आणि म्हणाला, "ठीक आहे. बाबा म्हणाले, त्या माणसाशी वाद घालू नकोस, आम्ही सातशे कामगारांनी घालून पाहिलाय."

तारखेच्या दिवशी कोर्टात गर्दी होती. चलनांची प्रकरणं भराभर चालली होती. नाव पुकारलं की माणूस पुढे जायचा आणि कोणी काही विचारायच्या आत 'कबूल' म्हणून खिशात हात घालायचा. एकाने तर दुसऱ्याचं नाव पुकारलं असताना कबूल म्हटलं, आणि त्याला मागे बसवावं लागलं. न्यायाधीश बाई वयाने चाळिशीच्या असतील. काकांचं नाव आलं.

"अकरा प्रकरणं आहेत. गुन्हा कबूल आहे?"

"एक कबूल आहे. दहा नाहीत."

बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. तन्मयकडे पाहून म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुमच्या अशिलांचं म्हणणं काय आहे?"

"हेच आहे, मॅडम," तन्मय म्हणाला. "माझं वेगळं होतं."

मग काकांनी कागद दिले. दहा फोटो, पाटीचे दोन फोटो, आणि वहीची ती पानं ज्यांवर त्या दहाही वेळी स्कूटर घरी उभी असल्याची नोंद होती. चौऱ्याऐंशी किलोमीटरच्या वेळी काका दाढदुखीने झोपून होते, तेही लिहिलेलं होतं. बाईंनी सगळं शांतपणे पाहिलं. शाल पांघरलेला फोटो त्यांनी जरा जास्त वेळ पाहिला.

"हे कोण?"

"आदर्श वाहनचालक," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात टिंगल अजिबात नव्हती, माहिती होती. कोर्टात मागे कोणीतरी हसलं आणि शिपायाने तिकडे पाहिलं.

मग बाईंनी अकरावा फोटो घेतला. "यात तर काहीच धड दिसत नाही. हे तुम्हीच कशावरून?"

"पिशवीवरून."

"इथे रोज लख्ख फोटोतली माणसं मला सांगतात, हा मी नाही. तुम्ही पहिले, जे धूसर फोटोत स्वतःला ओळखताय." त्यांनी पेन उचललं. "पट्टा का ओलांडलात?"

"चुकलो."

"काही कारण?"

"नाही."

तन्मयने खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. बाईंनी स्टॉपलाइनच्या प्रकरणात साधा दंड लावला आणि बाकीच्या दहांसाठी मोटरसायकल तपासून अहवाल द्यायला सांगितला. पुढच्या तारखेला अहवाल आला. दहाही प्रकरणं काकांच्या नावावरून उतरली आणि ज्याची होती त्याच्या नावावर चढली. काकांनी मीनाबेनकडे जाऊन त्या आदेशाची प्रत मागितली. त्यांनी अर्ज न वाचताच विचारलं, "काका, दंडाच्या पावतीचीही प्रत देऊ ने?" काका हो म्हणाले.

तरसालीत ही हकिकत पसरली, पण थोडी वाकडी होऊन. टाइमकीपरांनी दहा चलनं घालवली, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. अकराव्याचा उल्लेख कोणी केला तर लोक त्याला वकिलाची चूक समजायचे. संध्याकाळी काकांच्या ओट्यावर माणसं यायला लागली. प्रत्येकाच्या हातात यादी. काकांनी कोणाला नाही म्हटलं नाही. ते क्रमांक उतरवून घ्यायचे, माझ्याकडून नोंद काढायचे, फोटो मिळवायचे, भिंग लावून पाहायचे आणि म्हणायचे, "हा तूच आहेस." बहुतेक वेळा तोच असायचा. तेवीस चलनांचे गृहस्थ तेवीसही फोटोंत होते, त्यातल्या दोन ठिकाणी त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहून केस नीट केलेले दिसत होते. पंधरा दिवसांत ओटा रिकामा झाला. माझीही दोन होती. भिंगाची गरज पडली नाही, मी दोन्ही भरली.

विश्वंभररावांच्या मंडळाने पुढच्या वर्षी रस्ता सुरक्षेऐवजी स्वच्छतेवर भर द्यायचं ठरवलं. प्रशस्तिपत्र त्यांच्या दिवाणखान्यात अजून आहे.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी काकांकडे बसलो होतो तर दाराशी यशराज उभा. मोटरसायकलला आता साधी सरकारी पाटी होती. शाळेतली मुलं निकाल घेऊन येतात तसा हातात कागद धरून तो आत आला.

"काका, दहा भरली ती वेगळी. त्यानंतर नवीन चार आली आहेत."

"बस," काका म्हणाले.

"यातली तीन माझी आहेत. हेल्मेट दोनदा, आणि तो वडोदरा स्टेशनजवळचा दिवा." तो थांबला. "पण ही चौथी माझी नाही. खरंच नाही. त्या दिवशी मी आजीला घेऊन दवाखान्यात होतो. मी तिथे खिडकीवर सांगितलं, तर ते म्हणतात कॅमेरा खोटं बोलत नाही."

काकांनी कागद घेतला. त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मला वाटलं, आता लाल पेन निघणार. काकू स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला घेऊन बाहेर आल्या होत्या, त्याही दारातच थांबल्या.

"दवाखान्याचा केसपेपर आहे?"

"आजीकडे असेल."

"तो आण. गाडीचा मागून आणि पुढून फोटो काढ. तीन चलनं आजच भर, पावत्या जपून ठेव. कोर्टात गेल्यावर त्या न्यायाधीश बाई पहिल्यांदा तेच विचारतील."

"तीन तर मी भरतोच, काका. पण चौथ्यासाठी वकील करावा लागेल का?"

"आधी कागद बघू दे," सुभानकाका म्हणाले. त्यांनी कपाटातून कोरी वही काढली, पहिल्या पानावर यशराजचं नाव लिहिलं आणि सोळा अक्षरांचा तो क्रमांक सावकाश उतरवायला सुरुवात केली. अर्ध्यावर थांबून मला म्हणाले, "मास्तर, तुमचा प्रिंटर चालू आहे ना?"